ढिला गिअर, घट्ट गिअर

ऑटोमॅटिक गाडीचा गिअर बदलतो तेव्हा आत एक क्लच सुटत असतो आणि दुसरा धरत असतो. हा व्यवहार साधारण अर्ध्या सेकंदाचा. तेवढ्या वेळात धरणाऱ्या क्लचच्या प्लेटा एकमेकींवर घसरत एका वेगाला येतात आणि मग घट्ट बसतात. ही घसरण म्हणजे बिघाड नव्हे, ती मुद्दाम ठेवलेली असते. ती नसती तर प्रत्येक गिअरला आत बसलेल्यांच्या माना हलल्या असत्या. गाडी बनवणारा ती गरजेपेक्षा थोडी जास्तच ठेवतो, कारण शोरूममधून चक्कर मारायला गाडी काढणाऱ्या गिऱ्हाइकाला झटका लगेच कळतो, झिजणारी प्लेट कळत नाही. गिअर घट्ट करणे म्हणजे या घसरणीचा वेळ कमी करणे.

प्लेटा दोन जातींच्या असतात, कागदी अस्तराच्या आणि साध्या पोलादी. त्या एकाआड एक रचलेल्या असतात आणि कायम ऑइलने भिजलेल्या असतात. त्यांना दाबून धरणारा पिस्टन ऑइलच्या दाबावरच चालतो. दाब पंप तयार करतो. तो कुठल्या क्लचला, केव्हा आणि किती द्यायचा हे वॉल्व्ह बॉडी ठरवते. वॉल्व्ह बॉडी म्हणजे अ‍ॅल्युमिनियमचा, आत नागमोडी वाटा कोरलेला ठोकळा. जुन्या गाड्यांत तिला थ्रॉटलची केबल इशारा देई; आता सोलेनॉइड देतात आणि सोलेनॉइड संगणकाचे ऐकतात. गिअर घट्ट करण्याचे सारे उपाय या साखळीत कुठे ना कुठे हात घालतात.

हे वेड अमेरिकेतले. जनरल मोटर्सने १९३९ मध्ये, १९४० सालच्या ओल्ड्समोबिलसाठी, हायड्रामॅटिक बाजारात आणला. मोठ्या संख्येने विकला गेलेला तो पहिला पूर्ण ऑटोमॅटिक गिअरबॉक्स. त्याचे चारही गिअर पडताना चांगले जाणवत. दुसऱ्यातून तिसऱ्यात जाताना तर एकाच वेळी इतके भाग सुटायचे आणि धरायचे असत की तो मेळ जमवणे अभियंत्यांना जड जाई. पुढची कित्येक वर्षे त्यांनी हा धक्का पुसण्यात घालवली. तो पुसला गेल्यावर शर्यतीवाले आणि मागे ओझे ओढणारे लोक उलट्या दिशेने निघाले आणि वॉल्व्ह बॉडी उघडून भोके मोठी करू लागले. त्या खटपटीतून स्प्रिंगा, वॉल्व्ह आणि ड्रिलच्या मापांसह पाकिटात मिळणारा ‘शिफ्ट किट’ जन्मला.

नांदेड-लातूर पट्ट्यात हा विषय उशिरा आला, कारण ऑटोमॅटिक गाड्याच उशिरा आल्या. इथल्या गॅरेजमध्ये टॉर्क कन्व्हर्टरचे, म्हणजे वर सांगितलेल्या जातीचे, बॉक्स दिसू लागले ते फॉर्च्युनर, महिंद्राची एक्सयूव्ही ५०० आणि २०१६ ची इनोव्हा क्रिस्टा यांच्यामुळे. क्रिस्टाच्या २.८ लिटर डिझेलला सहा गिअरचा ऑटोमॅटिक होता आणि इंजिनाचा टॉर्क ३६० न्यूटन-मीटर. २०२३ मध्ये डिझेल क्रिस्टा पुन्हा बाजारात आली ती फक्त मॅन्युअलमध्ये. त्यामुळे आज रस्त्यावर दिसणारी डिझेल ऑटोमॅटिक क्रिस्टा बहुधा वापरलेली, हात बदललेली असते. पहिला मालक डॉक्टर, कंत्राटदार नाहीतर पुढारी. दुसरा किंवा तिसरा ती पुण्या-हैदराबादहून आणून एमएच-२६ किंवा एमएच-२४ च्या हद्दीत भाड्याने फिरवणारा. गिअरच्या तक्रारी येतात त्या या दुसऱ्या-तिसऱ्या मालकाकडून.

आणि त्या येण्यासारखा हा मुलूखही आहे. नांदेड गोदावरीच्या काठावर, लातूर बालाघाटच्या पठारावर. राष्ट्रीय महामार्ग ३६१ ने लोहा, अहमदपूर, चाकूर असे जाताना गाडी एकूण हिशेबाने चढतच जाते. कारखान्यांचा हंगाम चालू असला की उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणाऱ्या ट्रॅक्टरमागे ती तीसच्या वेगाला अडकते. फट दिसताच चालक पॅडल दाबतो, बॉक्स दोन गिअर खाली उतरतो, ट्रॅक्टर मागे पडला की परत वर चढतो, आणि थोड्याच अंतरावर पुढची ट्रॉली असते. द्रुतगती मार्गावर तासाभरात जेवढे गिअर पडत नाहीत तेवढे इथे दहा मिनिटांत पडतात. त्यात मे महिन्यातली वऱ्हाडाची भाडी, टपावर सामान, माहूरगडाचा घाट, हजूर साहिबचे दर्शन करून बीदरच्या नानक झिऱ्याकडे निघालेले भाविक, आणि बाहेर बेचाळीस-त्रेचाळीस अंश.

मालकाची भाषा ठरलेली. ‘गिअर ढिला पडतो’, ‘रेस होते पण गाडी उचलत नाही’, ‘पहिल्यासारखा पिकअप नाही’. त्याला घट्ट गिअर हवा असतो आणि मोबाइलवर कुठेतरी किटची चित्रफीत पाहिलेली असते. मिस्त्रीचे पहिले काम किट मागवण्याचे नसते. रेस होऊनही गाडी न उचलण्याची कारणे वेगवेगळी असतात: ऑइल कमी झालेले असते, ऑइल जुने झालेले असते, प्लेटा जळालेल्या असतात, वॉल्व्ह बॉडीत दाब गळत असतो, किंवा इंजिनच कमी पडत असते आणि दोष गिअरबॉक्सच्या माथी मारला जात असतो. पहिल्या चारांत दाब वाढवला की काही दिवस गाडी छान वाटते. जळालेल्या प्लेटांना जास्त दाबून धरले तर त्याही थोडा काळ धरतात. मग एखाद्या चढावर एकदम सोडतात. किटचे नाव खराब झाले आहे ते बहुतांशी अशा कामांमुळे.

म्हणून तपास ऑइलपासून. खालचे चेंबर उतरवले की आत चुंबक असतात. त्यांवर राखाडी, मऊ लेप असणे ठीक; प्लेटा चालल्या की तेवढे यायचेच. बोटाला टोचणारी चमकदार कुसळे लागली तर पोलाद झिजते आहे. ऑइल काळे आणि जळका वास असेल तर प्लेटांचे अस्तर गेले आहे. असा बॉक्स घट्ट करायचा नसतो, खोलायचा असतो. पूर्ण खोलण्याचे काम या भागातून अजूनही बरेचदा हैदराबाद-पुण्याकडे जाते आणि त्यात कमीपणा नाही. स्वच्छ जागा, दाबाची चाचणी घेणारे यंत्र आणि नेमक्या मापाचे भाग नसताना बॉक्स उघडण्यापेक्षा तो टेम्पोत घालून पाठवलेला बरा.

‘जुन्या बॉक्समध्ये नवे ऑइल घातले की बॉक्स बसतो’ हा समज नांदेडलाही आहे आणि जगभरही. नवे ऑइल प्लेट मारत नाही. मेलेली प्लेट जुन्या ऑइलमधल्या गाळाच्या आधाराने कशीबशी धरत असते, तो आधार जातो. काही कंपन्यांच्या पुस्तिकेत ‘गाडीच्या आयुष्यभर बदलण्याची गरज नाही’ असे छापलेले असते, त्यानेही गोंधळ वाढतो. झेडएफ ही जर्मन कंपनी स्वतःच्या सहा आणि आठ गिअरच्या बॉक्ससाठी ८० हजार ते १ लाख २० हजार किलोमीटरच्या दरम्यान किंवा आठ वर्षांनी ऑइल बदलायला सांगते, आणि त्याच जातीचा बॉक्स लावणारा एखादा गाडीचा कारखाना मात्र ‘आयुष्यभर गरज नाही’ असे छापतो. बॉक्स बनवणाऱ्याचे ऐकावे हे उघड आहे.

ऑइलची पातळी पाहणे सोपे वाटते. अलीकडच्या बऱ्याच बॉक्सना डिपस्टिक नसते. चेंबरखालचा एक बोल्ट काढायचा, इंजिन चालू ठेवायचे आणि जास्तीचे ऑइल बारीक धारेने वाहून थेंबांवर आले की बोल्ट बंद करायचा. पण हे ऑइल ठरलेल्या तापमानाला असतानाच करायचे असते. टोयोटाच्या बऱ्याच बॉक्सना ही मर्यादा ३५ ते ४५ अंशांच्या आसपास आहे. ऑइल तापले की फुगते, म्हणून जास्त तापलेल्या अवस्थेत बोल्ट उघडला तर हवे असलेले ऑइलही वाहून जाते आणि थंड झाल्यावर पातळी कमी भरते. आता मे महिन्यातला नांदेड डोळ्यांसमोर आणावा. दुपारी नुसत्या उभ्या गाडीचे ऑइलच चाळिशी ओलांडून बसलेले असते. इंजिन चालू करून गिअर फिरवून घेईपर्यंत मर्यादा मागे पडते. हे काम उन्हाळ्यात पहाटे करायचे, स्कॅनर लावून ऑइलचे तापमान पाहत करायचे. ढिल्या गिअरच्या तक्रारी घेऊन आलेल्या कितीतरी गाड्यांत आधीच्या सर्व्हिसला दुपारी केलेली ही पातळीच कमी निघते. ती बरोबर भरली, योग्य प्रतीचे ऑइल घातले की गिअर आपोआप घट्ट होतो आणि किटचा विषय मिटतो. प्रतही महत्त्वाची. घर्षण बदलणारी द्रव्ये नसलेले फोर्डचे जुने ‘टाइप एफ’ ऑइल घातले की गिअर कडक पडतो, ही अमेरिकन मिस्त्रींची जुनी युक्ती. टॉर्क कन्व्हर्टरला थेट जोडून टाकणारा लॉकअप क्लच असलेल्या आजच्या बॉक्समध्ये तीच केली तर गाडी साठ-सत्तरच्या वेगाला थरथरू लागते.

ढिलेपणाचे आणखी एक कारण मालकाने स्वतः विकत घेतलेले असते. डिझेल गाडीला ट्यूनिंग बॉक्स लावण्याची हौस इथेही पोचली आहे. हा डबा इंधनाच्या दाबाचा खोटा आकडा इंजिनाच्या संगणकाला सांगतो, त्यामुळे इंजिन जास्त डिझेल घेते आणि जास्त जोर देते. पण गिअरबॉक्सचा संगणक क्लचवर किती दाब द्यायचा हे इंजिनाने कळवलेल्या जोरावरून ठरवतो, आणि इंजिनाला स्वतःलाच आपला खरा जोर ठाऊक नसतो. ३६० चा दाब घेऊन क्लच ४२० चा भार पेलतो. तो घसरणारच. अशा गाडीत दोनच मार्ग प्रामाणिक आहेत: डबा काढणे, किंवा इंजिन आणि गिअरबॉक्स दोन्हींचे प्रोग्राम एकमेकांना धरून बदलून घेणे. पहिला मार्ग फुकट आहे म्हणून तो कोणी निवडत नाही.

हे सारे पाहून झाले, प्लेटा चांगल्या निघाल्या आणि तरीही भारासाठी गिअर घट्ट हवा असेल, तर वॉल्व्ह बॉडी. तिच्यात तीन ठिकाणी हात घालता येतो.

पहिले ठिकाण अ‍ॅक्युम्युलेटर. हा स्प्रिंगवर बसवलेला छोटा पिस्टन असतो. क्लचकडे निघालेल्या ऑइलचा काही भाग तो आधी पिऊन घेतो, त्यामुळे क्लचवरचा दाब एकदम न चढता सावकाश चढतो. जास्त ताठ स्प्रिंग घातली किंवा पिस्टनची चाल कमी केली की तो कमी पितो आणि क्लच लवकर धरतो. बदल करायचाच तर सुरुवात इथून करावी, कारण स्प्रिंग परत काढता येते. पिस्टन पूर्ण बंद करून टाकण्याची पद्धत शर्यतीच्या गाडीपुरती ठीक. आजीला दवाखान्यात नेणाऱ्या गाडीत ती नको.

दुसरे ठिकाण सेपरेटर प्लेट. वॉल्व्ह बॉडीच्या दोन भागांमध्ये बसणारी ही पातळ पत्र्याची चाळण. तिच्यातली काही भोके क्लच भरण्याची गती ठरवतात. असे भोक मोठे केले की त्याचा क्लच लवकर भरतो. इथे मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शांचा हिशेब चालतो. व्यास थोडा वाढला तरी क्षेत्रफळ वर्गाने वाढते, १.५ मिलिमीटरचे भोक २ चे केले तर वाट पावणेदोन पटींहून मोठी होते. हाताने धरलेल्या ड्रिलने ‘जरा मोठे’ करण्याची ही जागा नाही, आणि चुकले तर नवी प्लेट आणण्यावाचून इलाज नाही.

तिसरे ठिकाण मुख्य दाब ठरवणारा रेग्युलेटर वॉल्व्ह. त्याची स्प्रिंग ताठ केली की सगळ्या क्लचवरचा दाब एकदम वाढतो. जुन्या चार गिअरच्या बॉक्समध्ये रिकाम्या रेसला चारेक बार आणि पूर्ण जोराला दहाच्या आसपास दाब असतो. रिव्हर्सला त्याहून पुष्कळ जास्त. गेज लावून आधीचा आणि नंतरचा आकडा लिहून ठेवल्याशिवाय ही स्प्रिंग बदलू नये. दाब सरसकट वाढवला की पंपावरचा भार वाढतो, ऑइल जास्त तापते, सीलवर ताण येतो आणि पार्किंगमध्ये डी टाकतानाही गाडी दचकते. रोजच्या गाडीत दाब नव्याच्या मूळ आकड्यापर्यंत परत आणणे हेच बहुतेक वेळा पुरेसे असते. तो पडलेला असतो कारण वॉल्व्ह ज्या भोकांत मागेपुढे सरकतात ती अ‍ॅल्युमिनियमची भोके झिजून लांबट होतात आणि ऑइल बाजूने गळते. अशा ठिकाणी रीमर फिरवून भोक गोल करायचे आणि थोडा जाड वॉल्व्ह बसवायचा. सोनॅक्ससारख्या अमेरिकन कंपन्या हे भाग आणि हत्यारे बनवतात. याला कोणी शिफ्ट किट म्हणत नाही, पण गिअर घट्ट करणाऱ्या कामांतले सर्वांत टिकाऊ काम हेच.

वॉल्व्ह बॉडी उघडताना आत सुटे छर्रे असतात, ते कुठल्या खळग्यात होते याचा फोटो आधी काढावा. एक छर्रा जागा चुकला तर एखादा गिअरच गायब होतो आणि बॉक्स पुन्हा खाली उतरतो. बोल्ट साधारण दहा न्यूटन-मीटरचे, म्हणजे बोटांच्या जोरापेक्षा जेमतेम जास्त. ट्रकवर काम केलेल्या हाताला हे सवयीने जड जाते. तो पाना आवळतोच, ठोकळा सूक्ष्मसा वाकतो आणि वॉल्व्ह अडकतो. टॉर्क रेंच न वापरणाऱ्याने वॉल्व्ह बॉडीला हात लावू नये. धुळीचेही तसेच. उन्हाळ्यात दार उघडे ठेवलेल्या गॅरेजमध्ये काळ्या मातीचा जो बारीक थर हत्यारांवर बसतो, तेवढा एक सोलेनॉइड अडकवायला पुरतो.

गिअर घट्ट केल्याने नेमका काय फायदा होतो याबद्दल अतिशयोक्ती फार आहे. वरच्या गिअरमध्ये जाताना इंजिनाचे फेरे, समजा, ३,००० वरून २,१०० वर यावे लागतात. या वेळी क्लचमध्ये निर्माण होणाऱ्या उष्णतेचे दोन भाग असतात. एक, घसरणीच्या काळात इंजिन जे ओढत राहते त्याची. वेळ कमी केला की ही खरोखर कमी होते. दुसरी, फिरणाऱ्या इंजिनात आधीच साठलेल्या ऊर्जेची. फेरे उतरायचे तर ही ऊर्जा कुठेतरी गेलीच पाहिजे. वेळ निम्मा केला तरी ती तेवढीच राहते, फक्त निम्म्या वेळात बाहेर पडते, आणि त्या भागाचा पीळ शाफ्टवर दुप्पट येतो. तो पुढे प्रॉपेलर शाफ्टच्या क्रॉसवर, डिफरन्शियलच्या दातांवर आणि गिअरबॉक्सच्या रबरी माउंटिंगवर उतरतो. क्रिस्टासारख्या मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत गिअर घट्ट केल्यावर महिन्याभरात ‘मागून टक् आवाज येतो’ अशी तक्रार आली तर नवल नाही. क्रॉस आधीच सैल होता, आता तो बोलू लागला. त्यामुळे क्रॉस आणि माउंटिंग आधी तपासून, गरज असेल तर बदलूनच हे काम घ्यावे.

गिअर पडण्याच्या क्षणी संगणक इंजिनाचा जोर स्वतःहून थोडा उतरवतो, डिझेलमध्ये इंधन क्षणभर कमी करून. म्हणून आजच्या बॉक्समध्ये घट्टपणाचा अर्धा कारभार प्रोग्राममध्ये असतो. झेडएफचा आठ गिअरचा बॉक्स नेहमीच्या आणि स्पोर्ट अशा दोन पद्धतींत किती वेगळा वागतो ते पाहिले की हे पटते. लोखंड तेच, हुकूम वेगळे. तज्ज्ञाकडून प्रोग्राम बदलून घेणे महाग पडते, म्हणून एक चोरवाट प्रचलित आहे: दाबाच्या सोलेनॉइडच्या तारेत रेझिस्टर घालणे. बहुतेक बॉक्समध्ये या सोलेनॉइडचा प्रवाह कमी झाला की दाब वाढतो, त्यामुळे दोन पैशांच्या भागात गिअर कडक होतो खरा. पण संगणकाला काही तरी बिनसल्याचे कळते, तो चुकीच्या आकड्यांवरून शिकू लागतो, आणि पुढच्या मिस्त्रीला ती तार सापडेपर्यंत गाडी चार गॅरेज फिरते.

कामानंतर संगणकाचे शिकणे पुसून नव्याने करून घ्यावे लागते. प्रत्येक क्लच भरायला किती वेळ लागतो याची नोंद संगणक ठेवत असतो; जुनी नोंद नव्या स्प्रिंगला लागू पडत नाही. स्कॅनरने ती शून्य करायची, मग हलक्या पॅडलवर सगळे गिअर चढवायचे, उतरवायचे, असे बराच वेळ. ही पायरी गाळली की मालक दुसऱ्या दिवशी परत येतो.

उष्णतेचा उपाय वेगळा करावा लागतो, घट्ट गिअर तो आपोआप करत नाही. ऑइल ८० अंशांच्या आसपास असताना चांगले टिकते आणि त्यापुढे दर दहा-अकरा अंशांना त्याचे आयुष्य निम्मे होते, असा धंद्यातला ढोबळ हिशेब आहे. मूळ कूलरच्या जोडीला रेडिएटरसमोर एक जादा ऑइल कूलर, आणि हंगामात रेडिएटर-कंडेन्सरच्या जाळीतले उसाचे पाचट आणि धूळ पाण्याच्या हलक्या धारेने धुणे, एवढ्याने माहूरच्या घाटात जो फरक पडतो तो किटने पडत नाही. भाड्याच्या गाडीला दोन्हींतले एकच परवडत असेल तर कूलर घ्यावा.

सगळ्याच ऑटोमॅटिकना हे लागू नाही. २०१४ मध्ये मारुतीच्या सेलेरिओबरोबर भारतात आलेली एएमटी आतून साधा मॅन्युअल गिअरबॉक्सच असते. क्लच आणि गिअर यंत्र हलवते एवढेच. तिचा डुलका किटने जात नाही. गिअर पडताना पॅडल किंचित सोडले की जातो, आणि तेवढ्याने न गेल्यास क्लच घासला आहे का ते पाहून स्कॅनरवर त्याची नव्याने नोंद करावी लागते. सीव्हीटीत पायऱ्याच नसतात, दोन पुलींमध्ये पोलादी पट्टा असतो. त्याच्या दाबाशी खेळणे म्हणजे पट्ट्याशी खेळणे. कोरड्या दोन क्लचच्या डीएसजीत गिअर मुळातच झपकन पडतो, तिथे तक्रार असली तर ती दुरुस्तीची असते, घट्ट करण्याची नव्हे.

कायद्याच्या बाजूने, नोंदणी पुस्तिकेतल्या तपशिलांशी विसंगत होईल असा बदल मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ ने वर्ज्य आहे. वॉल्व्ह बॉडीतली स्प्रिंग त्या पुस्तिकेत कुठे येत नाही, पण गाडी वॉरंटीत असेल तर वॉरंटी तिथेच संपली असे धरावे आणि मालकाला आधी सांगावे.

शेवटची चाचणी रस्त्यावरची, आणि ती रिकाम्या गाडीने घेऊ नये. गाडी भरून लातूर रस्त्याने लोह्यापुढच्या चढापर्यंत न्यावी, स्कॅनरवर ऑइलचे तापमान आणि प्रत्येक गिअरला लागणारा वेळ पाहत जावे. हलक्या पॅडलला गिअर जाणवू नये, अर्ध्या पॅडलला जाणवावा, पूर्ण पॅडलला ठाम पडावा. तिन्ही वेळी सारखाच आदळत असेल तर दाब जास्त झाला आहे आणि स्प्रिंग एक पायरी खाली आणावी. परत आल्यावर गाडी रात्रभर उभी ठेवून पहाटे पातळी पुन्हा बघावी. हजारेक किलोमीटर चालल्यावर चेंबर एकदा उतरवून चुंबक पुसावेत. लेप मऊ असेल तर काम झाले.